चित्राचे नाव कोणी ठेवायचे?

डिजिटल कॅमेऱ्यातल्या छायाचित्राला नाव कॅमेराच देतो, आणि ते कसे द्यायचे याचा नियम १९९८ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ठरवून दिला. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचा एक फोल्डर, त्याच्या पोटात १०० ते ९९९ क्रमांकांचे फोल्डर आणि त्यांत आठ अक्षरी नावांच्या फाइली. त्या आठांतली पहिली चार अक्षरे कॅमेरा बनवणाऱ्याच्या मर्जीची, उरलेले चार आकडे ०००१ ते ९९९९. म्हणून कुणाची चित्रे ‘आयएमजी_’ने सुरू होतात, कुणाची ‘डीएससी_’ने, आणि ९९९९ संपले की गणती पुन्हा ०००१ वर येते. एका कार्डापुरता हा नियम अगदी चोख आहे. अडचण सुरू होते ती चित्र कार्डाबाहेर पडल्यावर. पुणे, पणजी आणि न्यू जर्सी इथल्या तीन कॅमेऱ्यांतली ‘आयएमजी_०४१७’ नावाची तीन चित्रे एकाच संकेतस्थळावर येऊन पोचली, की त्या नावावरून कोणते चित्र कोणते हे सांगता येत नाही.

फोन आले आणि गोंधळ वाढला. अँड्रॉइड फोनचा कॅमेरा बहुधा तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ नावात घालतो, ते त्यातल्या त्यात बरे. पण चित्रे आपल्याकडे प्रवास करतात ती व्हॉट्सॲपवरून. तिथे आलेल्या चित्राला अँड्रॉइड फोनवर आधी ‘आयएमजी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडी क्रमांक असे नाव मिळते, आणि हा क्रमांक ज्याच्या त्याच्या फोनवर मोजला जातो. त्यामुळे १५ ऑगस्टच्या सकाळी गावातल्या दोनशे फोनांवर ‘डब्ल्यूए०००१’ या एकाच नावाखाली दोनशे निरनिराळी चित्रे असू शकतात, आणि शाळेतल्या झेंडावंदनाचे एकच चित्र निरनिराळ्या फोनांवर निरनिराळ्या क्रमांकांनी पडलेले असते. प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा नोकरभरतीचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात तर पाहायलाच नको. उमेदवाराचा फोटो ठरलेल्या केबीत बसवून ‘फोटो.जेपीजी’ म्हणून आणि सही ‘साइन.जेपीजी’ म्हणून डेस्कटॉपवर ठेवतात. पुढचा उमेदवार आला की त्याच्याही फाइलींची तीच नावे.

हे सगळे जिथे येऊन पडते त्या संकेतस्थळाने पाठवणाऱ्याचेच नाव जसेच्या तसे वापरले तर काय होते, हे समजून घेणे हा या पुस्तिकेचा पाया आहे. बहुतेक सर्व्हरवर एका फोल्डरात एका नावाची एकच फाइल राहू शकते. त्याच नावाची दुसरी आली की साध्या आज्ञावलीत ती पहिलीच्या जागी बसते आणि पहिली पुसली जाते. कुठे तक्रार उमटत नाही, लाल अक्षरे दिसत नाहीत. चढवणाऱ्याला ‘यशस्वी’ असाच निरोप मिळतो. एखाद्या वाचनालयाने गावातल्या जुन्या छायाचित्रांचा संग्रह मांडायचे ठरवले आणि दोन घरांतून ‘आजोबा.जेपीजी’ आले, तर दुसऱ्या घरचे आजोबा पहिल्या घरच्या मजकुराखाली जाऊन बसतील. पहिल्या घराने मूळ प्रत स्कॅन करून नंतर टाकून दिली असेल, तर तो चेहरा कायमचा गेला. ज्या चुकीचा आवाज होतो ती दुरुस्त होते. ही चूक महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्याकडे आधीच पाहावे लागते.

वाचनालयात काम केलेल्यांना या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुस्तक आले की ते दाखल नोंदवहीत चढते आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुस्तकाचे शीर्षक, लेखक, विषय यांच्याशी त्या क्रमांकाचे काही नाते नसते. एका कादंबरीच्या तीन प्रती असतील तर तीन क्रमांक पडतात. पुढे वर्गांक बदलला, शीर्षकातली चूक दुरुस्त झाली, पुस्तक दुसऱ्या कपाटात गेले, तरी दाखल क्रमांक तोच राहतो. शिवाय तो वाचनालय देते. प्रकाशक किंवा देणगीदार देत नाही. चित्राच्या फाइलनावाबाबत मला सांगायचे आहे ते एवढेच: साठवणीचे नाव संकेतस्थळाने स्वतः द्यावे, त्या नावात अर्थ भरू नये, आणि अर्थाची सगळी माहिती, पाठवणाऱ्याने दिलेल्या मूळ नावासकट, डेटाबेसात वेगळी लिहून ठेवावी. पुढची पाने या एका वाक्याचा विस्तार आहेत. पण ते नाव काढायचे कसे, यात बरेच खाचखळगे आहेत आणि काही वाटा दिसतात तितक्या सरळ नाहीत.

सर्वांत सुचण्यासारखी वाट म्हणजे नावापुढे आकडा जोडणे. वर्डप्रेस हेच करते. एका महिन्याच्या फोल्डरात ‘सभा.जेपीजी’ आधीच असेल तर नव्या फाइलीला ‘सभा-१’, मग ‘सभा-२’ अशी नावे मिळतात. लहान संकेतस्थळाला एवढ्याने भागते. मात्र ‘हे नाव आहे का ते बघ, नसेल तर लिही’ ही कृती दोन पायऱ्यांची आहे, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरे कोणी घुसू शकते. दोघांनी एकाच क्षणी चित्र पाठवले, दोघांच्याही वतीने सर्व्हरने पाहिले, दोन्ही वेळा ‘नाही’ असे उत्तर आले, आणि दोघांनीही एकाच नावावर लिहिले. निकालाच्या दिवशी किंवा अर्जाच्या शेवटच्या तासाला, जेव्हा गर्दी उसळते, नेमके तेव्हाच हे घडते; चाचणी घेताना एकटा माणूस एकेक फाइल चढवतो तेव्हा ते कधीच दिसत नाही. यावरचा खरा उपाय कार्यप्रणालीतच आहे. ‘ही फाइल नसेल तरच उघड, असेल तर नकार दे’ अशी एकाच पायरीची आज्ञा युनिक्सच्या घराण्यात आहे, आणि पीएचपीत फाइल उघडताना ‘एक्स’ हा पर्याय दिला की तीच वापरली जाते. ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा २००६ च्या मार्चमध्ये सुरू झाली. तिथे त्याच नावाने दुसरी वस्तू ठेवली की पहिली बदलली जाते, आणि जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू केलेली नसेल तर पहिली परत मिळत नाही. ‘नसेल तरच लिही’ अशी अट तिथे घालता येऊ लागली ती ऑगस्ट २०२४ मध्ये. एवढ्या मोठ्या सेवेलाही ही गरज अठरा वर्षांनी पुरवावीशी वाटली, यावरून ती काल्पनिक नाही हे कळावे.

मग सरळ १, २, ३ असे क्रमांक डेटाबेसाकडून का घेऊ नयेत? डेटाबेस एक क्रमांक दोनदा देत नाही, तेव्हा टक्करीचा प्रश्न सुटतो. सुटत नाही तो दुसराच प्रश्न, आणि तो कमी गंभीर नाही. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या मालमत्तेच्या हक्कविम्याच्या कंपनीचे प्रकरण बाहेर आले. घर खरेदीच्या व्यवहारातली कागदपत्रे तिच्या संकेतस्थळावर क्रमांकाने ठेवलेली होती. आपल्याला आलेल्या दुव्यातला एक आकडा बदलला की दुसऱ्या कुणाचे कागद समोर येत; बँक खात्यांचे क्रमांक, वाहन परवान्यांच्या प्रती, सगळे. अशा सुमारे ८८.५ कोटी नोंदी उघड्या होत्या आणि त्यांतल्या काही २००३ इतक्या जुन्या होत्या. कुणी कुलूप तोडले नव्हते. पुढचा आकडा टाकणे एवढीच ‘कारागिरी’ लागत होती.

सलग क्रमांक आणखी एक गोष्ट फोडतात: तुमच्याकडे एकूण किती आहे ते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवते हे शोधायला दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी पकडलेल्या रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे अनुक्रमांक वापरले. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज होता १,५५०, संख्याशास्त्रज्ञांचा ३२७. युद्धानंतर जर्मनीची दप्तरे हाती आली, त्यांत आकडा होता ३४२. आज सकाळी आणि आज रात्री एकेक चित्र चढवून दोन्हींच्या नावांतले क्रमांक वजा केले, की एखाद्या संकेतस्थळावर दिवसभरात किती चित्रे आली हे कुणालाही कळते.

म्हणून एकमेव असणे आणि ओळखता न येणे या दोन वेगळ्या अटी आहेत, हे मनाशी पक्के धरावे. घड्याळावरून नाव काढणाऱ्या पद्धती पहिली अट बऱ्याच अंशी पुरी करतात, दुसरी मुळीच नाही. पीएचपीतले ‘युनिकआयडी’ हे फार लोकप्रिय फंक्शन याच जातीचे. ते सोळांश पद्धतीतली १३ अक्षरे देते: पहिली आठ म्हणजे सेकंद, पुढची पाच म्हणजे सेकंदाचे सूक्ष्म भाग. त्याच्या नावाने हमी दिल्यासारखे वाटते, पण पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते की ते एकमेवपणाची हमी देत नाही. चित्र साधारण कधी चढले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला शोधाचा टापू लहान होतो. आणि दोन सर्व्हर एकाच सूक्ष्म क्षणी एकच नाव काढू शकतात.

उरते ते निव्वळ योगायोगावर नाव सोडणे. इथे आपली सहजबुद्धी आपल्याला फसवते, म्हणून थोडे थांबू. नावापुढे चार आकडी कोणतीही संख्या जोडली तर शक्यता दहा हजार, तेव्हा पाच-सात हजार चित्रांपर्यंत चिंता नाही, असे वाटते. प्रत्यक्षात सुमारे १२० चित्रांतच दोघांना एकच संख्या मिळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. कारण प्रत्येक नवे चित्र आधीच्या प्रत्येकाशी ताडून पाहिले जाते, आणि जोड्या चित्रांच्या संख्येपेक्षा फार वेगाने वाढतात. २३ माणसांच्या खोलीत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, ती यामुळेच. २३ जणांच्या जोड्या २५३ होतात. नियम ढोबळमानाने असा की एकूण शक्यतांचे वर्गमूळ काढावे. त्याच्या आसपास पोचलात की टक्कर दाराशी आली. सहा आकडी संख्या घेतली तरी जेमतेम बाराशे चित्रांपर्यंत मजल जाते. ३२ बिटांची, म्हणजे चारशे कोटींहून अधिक शक्यतांची, संख्या घेतली तर ७७ हजारांपर्यंत. जिल्ह्याच्या एखाद्या दैनिकाचा चित्रसंग्रह काही वर्षांत याच्या पुढे जाईल.

आता १२२ बिट घ्या. यूयूआयडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रमांकाच्या चौथ्या प्रकारात इतके बिट योगायोगाने भरले जातात. टक्करीची शक्यता निम्म्यावर यायला इथे किती नावे काढावी लागतील? सुमारे सत्तावीस, त्यावर सतरा शून्ये. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त संख्यांच्या दसपट वाढत जाणाऱ्या ज्या संज्ञा दिल्या, त्यांतली शेवटची ‘परार्ध’, म्हणजे एकावर सतरा शून्ये. तेव्हा हिशेब आपल्या भाषेत पुरता बसतो: सत्तावीस परार्ध. दर सेकंदाला एक अब्ज नावे काढत बसलो तरी तिथवर पोचायला सुमारे ८६ वर्षे लागतील. या आकड्यासमोर ‘पण तरीही जुळले तर?’ हा प्रश्न गैरलागू होतो. सर्व्हरची डिस्क बिघडण्याची, डेटाबेस चुकून पुसला जाण्याची चिंता कितीतरी आधी करायला हवी. अट एकच, आणि ती कडक आहे: संख्या खरोखरच अंदाज न येणाऱ्या स्रोतातून आली पाहिजे. खेळात फासे टाकण्यासाठी भाषेने दिलेले साधे रँडम फंक्शन इथे चालत नाही. विंडोजवरच्या जुन्या पीएचपीत ते ३२,७६७ च्या पुढे जातच नसे. २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधले ‘रँडम_बाइट्स’ किंवा पायथनचे ‘सीक्रेट्स’ ही यासाठीच आहेत.

यूयूआयडीची पहिली जाहीर इंटरनेट-संहिता २००५ ची, तिची जागा घेणारी मे २०२४ ची. तिच्या निरनिराळ्या प्रकारांत इतिहास गोठलेला आहे. पहिला प्रकार वेळ मोजतो ती १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे पोप ग्रेगरीची कालगणना सुरू झाली त्या दिवसापासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागांत. आणि मूळ योजनेप्रमाणे नाव काढणाऱ्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांकही त्यात घालतो. नावावरून यंत्र ओळखू येते, म्हणून चित्रांसाठी तो मी सुचवणार नाही. नव्या संहितेतला सातवा प्रकार सुरुवातीला मिलिसेकंदांतली वेळ ठेवतो आणि बाकी योगायोगावर सोडतो. त्यामुळे नावे आपोआप कालक्रमाने लागतात आणि मोठ्या डेटाबेसाला ती शोधणे सोपे जाते. ज्या चित्राची वेळ लपवायची गरज नाही, तिथे तो उत्तम. ओळखपत्र, गुणपत्रिका, वैद्यकीय अहवाल यांच्यासाठी मात्र चौथाच बरा, आणि तोही परवानगीची तपासणी असेल तरच. नाव कितीही अवघड असले तरी ते कुलूप नव्हे. दुवा पुढे पाठवला की नावही गेले.

नाव चित्राच्या मजकुरावरूनच काढायचे, ही एक देखणी कल्पना आहे. फाइलीच्या सर्व बाइटांवरून एसएचए-२५६ या रीतीने ६४ अक्षरांचा ठसा काढतात आणि तेच नाव. एकच फाइल दहा जणांनी चढवली तरी साठवण एकदाच होते, आणि चित्र बदलले की नाव बदलत असल्याने वाचकाच्या ब्राउझरात जुनी प्रत अडकून राहत नाही. पण व्हॉट्सॲपमधून एकदा फिरून आलेले चित्र डोळ्यांना तेच असले तरी त्याचे बाइट वेगळे असतात, तेव्हा आपल्याकडच्या संग्रहात दुहेरी प्रती ओळखायला याचा भरवसा धरू नये. आणि दोन घरांनी एकच फाइल दिली, त्यांतल्या एकाने नंतर ‘आमचे चित्र काढा’ म्हटले, तर दुसऱ्याचेही जाईल. म्हणून कोणती फाइल कुणाकुणाची आहे, ही नोंद आधीच करून ठेवायला हवी. एमडी५ आणि एसएचए-१ या ठसा काढण्याच्या जुन्या रीतींवर विसंबणे सोडावे. पहिलीत २००४ मध्ये टक्कर घडवून दाखवली गेली. दुसरीत २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या गणितसंस्थेने एकच ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या.

आता आपल्या लिपीकडे येतो. मला या सगळ्या विषयात सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो हाच भाग. लिनक्सवर फाइलच्या नावाला सर्वसाधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. आणि चिन्ह म्हणजे आपले अक्षर नव्हे: काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. ‘श्री’ हे आपल्याला एक अक्षर. संगणकाला श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. पत्त्याच्या ओळीत तेच ‘श्री’ टक्क्याच्या खुणा घालून लिहिले जाते तेव्हा त्याची ३६ अक्षरे होतात. ‘तालुका सार्वजनिक वाचनालयाच्या शताब्दी सोहळ्यात सत्कार स्वीकारताना माजी अध्यक्ष व कार्यकारी मंडळ’ हे कार्यकर्त्याने प्रेमाने दिलेले नाव, मधल्या मोकळ्या जागा आणि शेवटची रोमन चार चिन्हे धरून, २६७ बाइट भरते आणि सर्व्हर ते घेतच नाही.

लांबीपेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ घ्या. युनिकोडमध्ये तो एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही, आणि दोन्ही एकच मानावेत असे युनिकोड सांगते. शिवाय र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह यांनी तोच आकार उमटतो. हे तिसरे रूप मात्र पहिल्या दोन्हींशी जुळलेले मानले जात नाही. मॅकवर २०१७ पर्यंत जी फाइलव्यवस्था नेहमीची होती, ती नावातला ऱ फोडून दोन चिन्हांत साठवत असे. विंडोज आणि लिनक्स जसे आले तसे ठेवतात. परिणाम असा की ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ या नावाच्या तीन फाइली एका फोल्डरात शेजारी शेजारी राहू शकतात, यादीत त्या अगदी सारख्या दिसतात, आणि पानावरचा दुवा त्यांतली भलतीच उघडू शकतो. ‘ॲ’चेही तसेच. त्याला स्वतःचे चिन्ह मिळाले २००८ मध्ये. त्याआधीपासून अ वर चंद्र देऊन तो लिहिला जात होता आणि अजून जातो. या दोन रूपांचे नाते युनिकोडने जोडलेलेच नाही. ज्याने मराठी नाव टंकले त्याची यात काही चूक नाही, आणि ज्याने पाहिले त्याला काही दिसत नाही. 

यावरून कुणी ‘फाइलींना मराठी नावे देऊ नका’ असा निष्कर्ष काढला तर तो मला मान्य नाही. चित्राचे शीर्षक, ओळी, स्थळ, माणसांची नावे हे सारे मराठीतच असावे, पूर्ण असावे, शोधता येईल असे असावे. त्याची जागा डेटाबेसातला स्तंभ ही आहे. तिथे २५५ बाइटांची सक्ती नाही आणि लिहिण्याआधी सर्व रूपे एका ठरलेल्या रूपात आणता येतात. साठवणीचे नाव मुके असले की भाषेला मोकळेपणा मिळतो, असे माझे ठाम मत आहे.

पाठवणाऱ्याचे नाव न वापरण्याला सुरक्षिततेचेही कारण आहे आणि ते थोडक्यात सांगता येते. नावात ठिपके आणि तिरक्या रेषा पेरून फाइल भलत्याच फोल्डरात नेता येते. ‘फोटो.पीएचपी.जेपीजी’ अशा दुहेरी शेपटीचे नाव काही ठिकाणी चित्र म्हणून आत येते आणि आज्ञावली म्हणून चालते. तेव्हा शेपटीही आपणच लावायची, आणि तीही फाइल उघडून, तिच्या सुरुवातीच्या बाइटांवरून प्रकार ओळखून. पीएनजी फाइलीचे दुसरे, तिसरे आणि चौथे बाइट म्हणजे रोमन लिपीतली ‘पीएनजी’ ही तीन अक्षरेच असतात. एक छोटी सूचना इथेच: स्वतः काढलेल्या नावात लहान आणि मोठी रोमन अक्षरे मिसळू नयेत. लिनक्स त्यांत फरक करतो, विंडोज सहसा करत नाही. संग्रहाची प्रत विंडोजच्या डिस्कवर उतरवताना केवळ लहान-मोठ्या अक्षराने वेगळी असलेली दोन नावे एकमेकांवर बसतात. सोळांश पद्धतीतली लहान अक्षरे आणि आकडे पुरेसे आहेत.

मोठ्यांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये ‘हेस्टॅक’ या आपल्या साठवणव्यवस्थेवर निबंध वाचला, तेव्हा त्यांच्याकडे २६० अब्जांहून अधिक प्रतिमा होत्या आणि आठवड्याला एक अब्ज नवी छायाचित्रे येत होती. प्रत्येक चित्राची वेगळी फाइल ठेवणेच त्यांना परवडेना. असंख्य चित्रे एका मोठ्या फाइलीत ओळीने ठेवून त्यांनी क्रमांकाने शोध चालवला. तरीही प्रत्येक चित्राच्या पत्त्यात त्यांनी एक योगायोगाची संख्या ठेवली, ती पत्त्यांचा अंदाज कुणी बांधू नये एवढ्यासाठीच. इन्स्टाग्रामनेही आपली रीत सांगितली: ६४ बिटांतले ४१ वेळेला, १३ डेटाबेसाच्या तुकड्याला, १० क्रमाला. अनेक यंत्रांनी एकमेकांना न विचारता नावे काढायची आणि ती कालक्रमाने लागलेली हवीत, ही त्यांची गरज होती. 

विकिमीडिया कॉमन्सने उलट वाट धरली, आणि तिचा आदर करायला हवा. २००४ साली सुरू झालेल्या त्या भांडारात आज दहा कोटींहून अधिक फाइली आहेत, आणि प्रत्येकीचे नाव माणसाने दिलेले, अर्थपूर्ण असते. नाव आधीच घेतलेले असेल तर आज्ञावली अडवते, कॅमेऱ्याने दिलेले ‘आयएमजी’छापाचे नाव आले तर बदलायला सांगते, नाव नंतर बदलले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवते. यामागे नावे तपासणारे, सुधारणारे जगभरचे स्वयंसेवक आहेत. ज्यांच्याकडे असे मनुष्यबळ आहे त्यांनी ही वाट जरूर धरावी. शाळेचे, संस्थेचे, गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ बहुधा एकच माणूस आपला वेळ काढून चालवतो. त्याच्यावर हे ओझे टाकू नये.

मुक्या नावांची एक किंमत आहे, ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डेटाबेस गेला तर हजारो चित्रे उरतात आणि त्यांतले कोणते कशाचे हे सांगणारे काही उरत नाही. म्हणून चित्रांचा फोल्डर आणि डेटाबेस यांची प्रत नेहमी एकत्र घ्यावी, आणि शक्य असेल तिथे शीर्षक व नोंद खुद्द चित्राच्या फाइलीतही लिहावी. जेपीजीत त्यासाठी जागा असते. हे लिहिताना चित्र जिथे काढले तिथले अक्षांश-रेखांश फाइलीत राहून गेलेले नाहीत ना, तेही पाहून घ्यावे. पाठवणाऱ्याला त्याची कल्पना नसते.

ही पुस्तिका वाचायला घेण्याआधी एक काम करा. तुम्ही चालवत असलेल्या संकेतस्थळावर दोन वेगळी चित्रे एकाच नावाने, एकामागून एक चढवा. पहिले चित्र अजून आपल्या जागी दिसते का ते पाहा. मग त्याच्या पत्त्यातला एक आकडा बदलून काय समोर येते तेही पाहा. दोन्हींपैकी एक जरी उत्तर मनासारखे आले नाही, तर नवे चित्र घेण्याआधी पहिल्यांदा आहे त्या फोल्डराची प्रत काढून ठेवा आणि मगच पुढचे पान उलटा.